स्कूटरवर मावेल असा अ‍ॅम्प्लिफायर

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मिलिंद तायडे यांनी अमरावतीतल्या एका वाद्यांच्या दुकानातून गिटारचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर उचलला, बाहेर लावलेल्या आपल्या स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवला आणि ते बडनेऱ्याच्या दिशेने निघून गेले. दुकानाचे मालक बब्बूभाई पायरीवर उभे राहून रस्त्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने तायडे परत आले, अ‍ॅम्प्लिफायर काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "वळणावर गुडघ्याले लागते. दुसरा दाखवा."

तोपर्यंत त्यांनी तो सुरू करूनही पाहिलेला नव्हता.

"तायडेसाहब, ये बाजा है," बब्बूभाई म्हणाले. "सिलिंडर नाही."

"स्टेजवर पोचन तवाच वाजन ना, भाऊ."

तायडे माझे शेजारी. पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते, धरणांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर घरात ते आणि गिटार असे दोघंच असतात. मी इथल्या एका दैनिकात उपसंपादक आहे आणि दिवसा मोकळा असतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर पाहायला जाताना ते मला सोबत घेत. माझं काम गिटारची तार छेडण्याचं होतं. मला गिटार येत नाही, हे त्यांना सोयीचं वाटे. "येणारा माणूस डब्ब्याचं खराब झाकून टाकते," असं ते म्हणत. अ‍ॅम्प्लिफायरला ते डब्बा म्हणतात.

तायडे बऱ्याच वर्षांपासून एका गायन पार्टीत आहेत. जयंतीच्या मोसमात ही पार्टी अमरावती-अकोल्याकडच्या गावांत भीमगीतांचे कार्यक्रम करते. त्यात गिटार हे असं वाद्य आहे की नसलं तर कोणाच्या लक्षात येत नाही, कारण असलं तरी ऐकू येत नाही. गावात कार्यक्रमाची पत आता डीजेच्या खोक्यांवर ठरते. मागच्या मोसमात मोर्शीकडच्या एका गावात खोक्यांच्या मानाने स्टेज लहान पडलं. संयोजकांनी खोकी कमी केली नाहीत. ढोलकीवाल्याला खाली बसवलं.

ही खोकी लोकांकडे तोंड करून असतात. स्टेजवर बसलेल्या माणसाला त्यांची नुसती धडधड येते, सूर येत नाही. कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून साउंडवाला एक स्पीकर उलटा, स्टेजकडे तोंड करून ठेवतो. तो नेहमी कीबोर्डपाशी असतो, कारण कीबोर्ड वाजवणारा प्रशांत हाच पार्टी चालवतो.

"मले माहाच आवाज ऐकू येत नाही," असं तायडे सगळीकडे सांगत. दूध आणताना सांगत, गॅसच्या रांगेत सांगत. या वयात त्यांना आपला आवाज ऐकण्याची हौस आली, यावर कॉलनीत बरंच बोलणं झालं. एका भाच्याने मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकून घ्या म्हटलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला. मी त्यांना एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक परदेशी माणूस लहान कार्यक्रमांसाठीचे अ‍ॅम्प्लिफायर एकापुढे एक ठेवून वाजवून दाखवत होता. तायडेंनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"याच्या खोलीत गालिचा हाय," ते म्हणाले. "आपल्या स्टेजवर ताडपत्री हाय. याचं आपल्याले काय कामाचं?"

त्यांच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. पहिली स्कूटरची. दुसरी मिक्सरची. बब्बूभाईंच्या दुकानाला लागून ज्यूस सेंटर आहे. तायडे अ‍ॅम्प्लिफायर तिथल्या बोर्डाला लावत आणि मोसंबीचा ज्यूस सांगत. मिक्सर फिरताना डब्बा गुरगुरला की तो बाद. गावातल्या जनरेटरवर तो याहून जास्त गुरगुरेल, हा त्यांचा हिशोब. ज्यूसवाल्याला हे आवडू लागलं. अ‍ॅम्प्लिफायर घेऊन कोणी बाहेर आलं की तो मोसंबी सोलायला घेई.

तिसरी परीक्षा कोणाला कळत नसे. डब्बा प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवायचा. तायडे त्याच्या उजवीकडे खुर्ची टाकून बसत, म्हणजे डब्बा त्यांच्या डाव्या हाताला येई. मग खिशातून कापसाचा बोळा काढून तो उजव्या कानात घालत, डोळे मिटत आणि मला एकच तार छेडायला सांगत. मग खुर्ची मागे-पुढे सरकवत.

"सरळ नाही," ते म्हणत.

"आवाज सरळ म्हणजे कसा, साहब?" बब्बूभाईंनी एकदा विचारलं.

"मोठा नाही पाहिजे. बाजूच्याले त्रास नाही झाला पाहिजे. ज्याच्या कानाकडे तोंड हाय, त्याच्याच कानात गेला पाहिजे."

"मग हेडफोन घ्या."

"ते दिसते," तायडे म्हणाले.

अमरावतीत जमेना तेव्हा आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. स्कूटर घरीच राहिली होती, म्हणून तायडेंनी तिथल्या दुकानदाराला त्याची स्वतःची स्कूटर मागितली. त्याने कारण विचारलं. कारण ऐकून त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि जेवणाची वेळ झाली म्हणून सांगितलं.

एप्रिल लागताच प्रशांतच्या घरी पार्टीची बैठक झाली. मी तायडेंसोबत गेलो होतो. विषय एकच होता, कुसुमबाई.

कुसुमबाई पार्टीतल्या सगळ्यात जुन्या गायिका. अंगणवाडीत सेविका होत्या, आता सुनेकडे राहतात. तायडेंना पार्टीत त्यांनीच आणलं, आणि अजूनही त्या त्यांना नव्यानेच आल्यासारख्या रागावतात. मोर्शीकडच्या त्या कार्यक्रमात त्यांचा सूर सुटला होता. एक कडवं त्या वरच्या पट्टीत गात राहिल्या, कीबोर्ड खाली राहिला, आणि समोरची पोरं हसली. त्याचा व्हिडिओ निघाला.

"बाई, एक बाळापूरचा कार्यक्रम पाहू," प्रशांत त्यांना म्हणाला. "तिथंही तसंच झालं तर मग तुमी आराम करा. नवीन पोरगी पाहून ठेवली हाय मी."

तो त्यांच्या उजवीकडे बसला होता. कुसुमबाई चहा ओतत राहिल्या. डावीकडे बसलेले तायडे म्हणाले, "बाई, प्रशांत बाळापूरचं म्हणून राहिला. चांगलं झालं तर ठीक, नाही तर नवीन पोरगी."

"मंग तसं सांगा ना जोरानं," कुसुमबाई प्रशांतकडे वळून म्हणाल्या. "तोंडातल्या तोंडात काहून बोलता? मी काय भेते का तुमाले?" आणि त्या कप धुवायला आत गेल्या.

ढोलकीवाला खाली पाहत होता. तायडेंनी विचारलं, "बाळापूरले स्टेजवर प्लगपॉइंट कोणीकडे राहीन?"

प्रशांतने त्यांच्याकडे पाहिलं. "काका, बाईचं गाणं बंद व्हायची वेळ आली, अन् तुमचं डब्ब्याचंच चालू हाय?"

"ते तर हायच," तायडे म्हणाले. "पण प्लगपॉइंट कोणीकडे?"

त्या आठवड्यात त्यांनी डब्बा घेतला. बब्बूभाईंच्या दुकानात मागे पडलेला, एका बाजूची जाळी चेपलेला, सगळ्यात लहान. पायांच्या मध्ये बसला, मिक्सरपुढे गप्प राहिला. कापूस घालून बसल्यावर तायडेंनी मला एक तार छेडायला सांगितली. मग पुन्हा एकदा. मग ते उठले आणि म्हणाले, "बांधून द्या." बब्बूभाईंनी त्यांना ज्यूस पाजला.

बाळापूर तालुक्यातल्या त्या गावात आम्ही दुपार उतरताना पोचलो. पार्टी गाडीने आली. तायडे डब्बा घेऊन स्कूटरवर आले, अमरावतीपासून. मी मागे गिटार धरून बसलो होतो. गाडीत जागा होती. पण डब्ब्यावर ढोलकी ठेवतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

दोन्ही बाजूंना खोक्यांच्या भिंती उभ्या होत्या. तायडेंनी कुसुमबाईंच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला स्टूल ठेवलं, त्यावर डब्बा, आणि डब्ब्याचं तोंड खुर्चीकडे केलं. मग ते स्वतः त्या खुर्चीत बसले, उजव्या कानात कापूस घातला, आणि मला तार छेडायला सांगितली. उठून स्टूल वीतभर पुढे घेतलं. पुन्हा बसले.

"काका, तोंड पब्लिककडे करा," साउंडवाला खालून म्हणाला. "असं कोणालेच नाही ऐकू येणार."

"नाही आलं तर नाही आलं."

"अन् तुमी कुठं बसता?"

तायडेंनी स्टेजच्या दुसऱ्या टोकाला, कीबोर्डच्या मागे, बोट दाखवलं.

"मंग तुमाले तरी कसा ऐकू येईन?"

तायडेंनी कापूस काढून खिशात ठेवला आणि गिटारची लांब वायर स्टेजच्या मागच्या कडेने पसरवायला घेतली.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही. सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. मग कुसुमबाई उभ्या न राहता खुर्चीतच बसल्या, पदर खांद्यावर घेतला. खोक्यांमधून धडधड सुरू झाली. मी खाली पहिल्या रांगेत होतो. गिटार मला अजिबात ऐकू आली नाही. पण प्रत्येक कडव्याआधी तायडेंचा हात एकदा तारेवरून खाली येत होता, आणि कुसुमबाई मान किंचित डावीकडे करून कडवं उचलत होत्या. पहिलं गाणं संपलं तेव्हा प्रशांतने कीबोर्डवरून वर पाहिलं. दुसऱ्याला बाया टाळ्या देऊ लागल्या. तिसरं कुसुमबाईंनी यादीत नसताना म्हटलं. सूर सुटला नाही.

गाडीत सामान चढवताना प्रशांत ढोलकीवाल्याला म्हणाला, "वरूडच्या कार्यक्रमात बाईचं नाव पहिलं टाक."

कुसुमबाई तायडेंपाशी आल्या.

"मास्तर, तुह्या डब्ब्याची कटकट माह्याच कानाशी काहून ठेवली होती? सारा वेळ टुंग टुंग."

"काय करू बाई," तायडे म्हणाले. "प्लगपॉइंट तिकडंच होता."

"मंग वरूडले तरी दुसरीकडे ठेवजो."

"पायतो," तायडे म्हणाले.

स्टेजवरची वायर गुंडाळण्याचं काम माझ्याकडे होतं. कीबोर्डच्या मागे तायडे ज्या खुर्चीवर बसून वाजवत होते, तिच्या पायाशी विजेचा एक बोर्ड होता. त्यात काहीच लावलेलं नव्हतं.