जिन्याचा गट, लिफ्टचा गट

आमच्या सामंतकाकांना 'कसे आहात?' विचारायची सोय नाही. "कोणापेक्षा? कधीपेक्षा?" हा उलटा प्रश्न तयारच. कुठल्याशा मेडिकल कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस शांती नगरात आमच्या समोरच्या घरात राहतो, एकटाच.

गेल्या वर्षी त्यांनी अख्ख्या सोसायटीला कामाला लावलं. साठीपुढच्यांच्या चिठ्ठ्या काढून दोन गट पाडले. बारा आठवडे एका गटाने जिनाच चढायचा, दुसऱ्याने लिफ्टच वापरायची. दर रविवारी आठला कंपाउंडमध्ये हजेरी. प्लास्टिकच्या खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात कोण किती वेळा उठतंय ते काका मोजणार आणि शेवटी दोन्ही गट ताडून बघणार. आकडे लॅपटॉपवर चढवायची हमाली माझ्याकडे.

जिन्याच्या गटातल्या शहाभाईंना त्यांनी लिफ्टमध्ये रंगेहाथ पकडलं.

"सामंतजी, हाथ में गेहूं था!"

"गेहूं लिफ्ट से भेजो, आप सीढ़ी से आओ!" काकांचं हिंदी असं ओरडण्यापुरतंच.

माझी आई पंधरा वेळा उठायची, शहाभाई नऊ वेळा. ते कुरकुरले की काका म्हणायचे, "तुमची तुलना आधी तुमच्याशीच. प्रत्येकाची रेघ आपापल्या जागेवरून निघते." आई मात्र पदर खोचून तोऱ्यात.

पाचव्या आठवड्यात आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उठवा, चालवा. पण तिने धसकाच घेतला होता. वॉकर दाराआड पडून. ही आता अंथरुणातून उठायचीच नाही, या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता.

मी गुपचूप तिचं नाव यादीतून काढलं. काकांना लगेच कळलं.

"वहिनींना कोणी काढलं?"

"काका, पुढचे आकडेच नाहीत तर..."

"एक रविवार चुकला की माणूसच बाद, ही जुनी पद्धत! म्हणून तर मी ती घेतली नाही. चार रविवार आल्यात त्या. ते चार माझ्या गणितात राहणार म्हणजे राहणार!"

मी नाव परत घातलं.

पुढच्या रविवारी काका खुर्ची घेऊन आमच्या दारात. ती पलंगाशेजारी ठेवली, वही उघडली. "वहिनी, आज?"

"भावजी, शून्य लिहा आणि मोकळे व्हा."

"छे! शून्य म्हणजे प्रयत्न केला, जमलं नाही. आज रिकामं." मग चहा पिऊन गेले.

असं दर रविवारी. आई सकाळीच माझ्याकडून वेणी घालून घ्यायला लागली. आणि एकदा, "सारखं रिकामं काय हो लिहिताय!" म्हणत तिने वॉकर मागितला. ओठ आवळले. उठली. एकदाच.

"एक!" काका असे ओरडले की शहाभाई धावत आले. मी रडतच होते.

आकडा भरायला लॅपटॉप उघडला, तर पुढे रकानाच नाही. बारा आठवडे सरून महिना झाला होता. धावपळीत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काकांना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, "काका, हे सगळं संपलं ना कधीच?"

"संपलं गं," ते खुर्ची सावरत म्हणाले. "पण रविवारी चहा घेऊन जा म्हणणारं मला दुसरं आहे कोण?"

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "भावजी, पुढच्या रविवारी दोन लिहायचे हां!"