सोमवारचा उपास करणारा तितर

कळंबच्या बाजारपेठेत सिद्रामअप्पा फक्त दोघांना अहो-जाहो करत. एक तहसीलदारसाहेब आणि दुसरा त्यांचा पाळलेला तितर. तहसीलदारांच्या बाबतीत कधीकधी त्यांची जीभ घसरायची. तितराच्या बाबतीत कधीच नाही.

"शरणप्पा, जरा बाजूला सरकता का? पोतं ठेवायचंय," असं ते म्हणत आणि तो तितर खरोखर बाजूला सरकायचा. मी मात्र त्यांच्या दृष्टीनं कायम 'ये मास्तर, बस' या दर्जाचा. निजामाचं राज्य होतं. मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, सगळे विषय उर्दूत चालत आणि मी मराठी शिकवायचो. म्हणजे वेळापत्रकात जिथं जागा उरायची तिथं मी उरायचो. त्यामुळं मला अहो म्हणावं असं अप्पांना वाटलं नाही यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या बायकोलाही कधीकधी तसं वाटत नसे.

अप्पांचं आडतीचं दुकान पेठेत आणि घर आमच्या शेजारी. दोन्ही परसांच्या मधे कमरेएवढी मातीची भिंत. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, डोक्याला पिवळा पटका, आणि मागून तुरुतुरु चालणारा तितर, असे ते रोज सकाळी दुकानाकडं निघत. पिंजरा नोकराच्या हातात रिकामा असायचा. तो दुपारच्या विश्रांतीपुरता.

हा तितर त्यांनी बाजारातून सोडवून आणला होता. कुणीतरी पाय बांधून, उलटा लटकावून विकायला आणला होता, कालवणासाठी. अप्पांनी तो घेतला, पाय सोडले, डोक्याला विभूती लावली आणि नाव ठेवलं शरणप्पा. त्या दिवसापासून शरणप्पा शाकाहारी झाले. ज्वारी, बाजरी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, सणाला पुरणाचा कण. श्रावणात सोमवारी उपास. संध्याकाळी अप्पांची पूजा झाल्यावर मग पहिला दाणा.

"रानातला जीव. किडामुंगी खाणारा," अप्पा आल्यागेल्याला सांगत. "आता बघा. मुंगी समोरून गेली तरी मान वळवत न्हाईत. वळण लागतं. वळण लावणारा पायजे."

'वळण लावणारा पायजे' हे त्यांचं आवडतं वाक्य. ते मुलांबद्दल, बैलांबद्दल, आंब्याच्या लोणच्याबद्दल आणि एकदा खुद्द निजामाबद्दलही म्हणाले होते. तेव्हा दुकानातली माणसं घाईघाईनं उठून गेली होती.

शरणप्पांच्या शुद्ध आहारावर अप्पांचा इतका विश्वास की ज्वारीची खरेदीसुद्धा ते त्यांच्या सल्ल्यानं करत. उन्हाळ्यात शेतकरी जमिनीखालच्या पेवातली जुनी ज्वारी काढून आणायचे. दुकानासमोर ढीग पडत. अप्पा शरणप्पांना सोडत. ज्या ढिगाकडं ते ढुंकून बघायचे नाहीत, तो ढीग बाद. ज्या ढिगावर तुटून पडत, पायानं उकरून उकरून चोच मारत, ती ज्वारी अव्वल. अप्पा हसत भाव वाढवून देत. आणि गंमत अशी, की अप्पांच्या दुकानची ही निवडक ज्वारी घरी आणली की त्यात हटकून सोंडे निघायचे. काळे, बारीक किडे, सुपाच्या काठावरून पळणारे. आमच्या घरात ज्वारी पाखडताना बायको त्यांना शोधायची आणि मी, एक शिकलेला माणूस, हवेला दोष द्यायचो. यात काही संबंध असेल असं वर्षानुवर्षं माझ्या डोक्यात आलं नाही.

अप्पांची बायको गंगव्वा. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची. ती उमरग्याकडची, माहेरची भाषा कानडी. मोठ्यानं बोलणं तिचं नव्हतंच. सोमवारचा नेम अप्पांचा, सणवार अप्पांचे, स्वयंपाकात काय असावं नि काय नसावं तेही अप्पांचं. ती पदर सावरून 'बरं' म्हणायची. अप्पा पाहुण्यांना वळणाबद्दल सांगू लागले की ती चुलीकडं तोंड करून बसायची. मला वाटायचं, धूर डोळ्यांत जातोय.

त्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी अव्वा उमरग्याकडं गेली. निघताना बैलगाडीत बसल्यावर तिनं अप्पांना एकच सांगितलं, "शरणप्पाला बघा."

"मीच बघतो की," अप्पा म्हणाले. "दुसरं कोण बघतंय?"

अव्वा काहीतरी बोलणार होती. मग नुसती माझ्या बायकोकडं बघत राहिली, आणि गाडी हलली.

पुढं थोड्या दिवसांनी शरणप्पांचा आवाज बंद झाला. एरवी पहाटे त्यांच्या किटितुर-किटितुरनं सगळी गल्ली जागी व्हायची आणि मी मनातल्या मनात त्यांना अरे-तुरे करायचो. आता शांत झोप मिळू लागली आणि करमेना. अप्पांचंही तेच.

"अव्वाची आठवण काढतेत," ते म्हणाले. "मला करमत न्हाई, त्यांना कसं करमंल? घरात आल्यावर भांड्याचा आवाज बी न्हाई बघ मास्तर. मी मुद्दाम तांब्या पाडतो कधीकधी."

मी हसलो. ते हसले नाहीत.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "मास्तर, अहो मास्तर, जरा येता का?"

मला अहो म्हटलेलं ऐकून मी हातातला चहा तसाच ठेवला आणि भिंतीवरून उडी मारली. हा माझ्या आयुष्यातला एकमेव पराक्रम, आणि त्यातही धोतर अडकलं.

शरणप्पा पिंजऱ्याच्या तळाशी कलंडले होते. पंख लोंबलेले, पिसं फुगलेली, डोळे मिटलेले, चोच अर्धी उघडी. पोट मात्र भराभर हलत होतं. गल्लीतली माणसं जमली आणि प्रत्येकानं इलाज आणला. कुणी म्हणे कांदा हुंगवा, कुणी म्हणे पायाला डाग द्या, कुणी दृष्ट काढायला मिरच्या घेऊन आलं. मीही गप्प बसलो नाही. कुठंतरी वाचलेलं आठवून मोठ्या आवाजात म्हणालो की पक्ष्याला अशा वेळी पंख्यानं वारा घालावा. घातला. शरणप्पांनी दोन्ही डोळे उघडून माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा मिटले.

शेवटी हकीमसाहेबांना बोलावलं. पिकल्या दाढीचे, माणसांचे हकीम. तितराची नाडी बघायची म्हटल्यावर ते आधी रागावले. पण अप्पांचा चेहरा पाहून खाली बसले.

"पहले लोगां कू बाहर निकालो," ते म्हणाले. "डर से मर जाता ये. अऊर पंखा कौन मार रा?"

मी पंखा पाठीमागं धरला.

माणसं गेली. हकीमसाहेबांनी पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकून तो सावलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायला लावला. गुळाचं पाणी करून कापसाच्या वातीनं चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडायला सांगितलं, घशात ओतायचं नाही. तीन-चार थेंब गेले. मान जरा सरळ झाली, इतकंच.

"खाता क्या ये?"

"ज्वारी, बाजरी, डाळ," अप्पा म्हणाले.

"अऊर?"

"श्रावणात सोमवारी काय बी न्हाई."

हकीमसाहेबांनी आधी शरणप्पांकडं पाहिलं, मग बराच वेळ अप्पांकडं.

"तितर है ये, अप्पा."

"व्हय. पर आमच्या घरचा."

हकीमसाहेब उठले. जाताना दारात मला म्हणाले, "ताकत नहीं बची. जो इसका खाना है, वो देव. नहीं तो शाम नहीं देखता." अप्पांनी ते ऐकलं. नुसती विभूतीची चिमूट घेऊन शरणप्पांच्या डोक्याला लावली आणि म्हणाले, "तुम्ही गेलात तर तिला मी काय सांगू?"

मी घरी आलो. बायको भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"अवो, अव्वाचं घरी नसणं न्हाई बाधलं त्याला," ती म्हणाली. "वाळवी बंद झाली."

"कसली वाळवी?"

तिनं जीभ चावली. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग म्हणाली, "अव्वानं शपथ घातलीय, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. आता निम्मं तर तोंडातनं गेलंच." अव्वा रोज दुपारी, अप्पा दुकानात असताना, परसातल्या जुन्या कडब्याच्या गंजीखालून वाळवी काढून शरणप्पांना चारायची. पहिल्या महिन्यापासून. दाण्यांवर तो वाळत चाललाय हे तिनं तेव्हाच ओळखलं होतं. "आणि ते ज्वारीचे ढीग," बायको म्हणाली, "तुमचे शरणप्पा त्यातले सोंडे वेचत होते. ही गोष्ट गल्लीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक हाय."

म्हणजे पेठेतली सगळ्यात किडकी ज्वारी निवडून, वर जास्तीचा भाव देऊन अप्पा आम्हाला खाऊ घालत होते आणि मी ती चवीनं खात होतो.

"मग आता अप्पांना सांगू?"

"सांगायची न्हाई अशी शपथ हाय," बायकोनं खुरपं माझ्या हातात दिलं. "चारायची न्हाई अशी न्हाई."

मी भिंत ओलांडून गेलो, या वेळी सावकाश. गंजीखाली माती उकरली. एका करवंटीत वाळवी गोळा केली, वर एरंडाचं पान झाकलं आणि अप्पांच्या मागच्या दारानं आत शिरलो. अप्पा पिंजऱ्याजवळच बसले होते. जेवले नव्हते.

"काय हाय ते?"

"औषध."

"कसलं?"

"मातीतलं," मी म्हणालो. मदरशातल्या पोरांच्या थापा रोज ओळखणारा मी, पण मला स्वतःला थाप तेवढीच जमली.

तेवढ्यात पानाखालून एक वाळवी बाहेर आली आणि करवंटीच्या काठावरून चालू लागली. आम्ही दोघंही तिच्याकडं बघत होतो. ती अर्धा काठ फिरून पुन्हा पानाखाली गेली.

अप्पा उठले. गळ्यातली लिंगाची डबी त्यांनी सदऱ्याच्या आत सरकवली, वरून उपरणं ओढून घेतलं, उपरण्याला गाठ मारली.

"मी पाणी पिऊन येतो," ते म्हणाले. "लई तहान लागलीया."

पाण्याचा रांजण त्यांच्या हाताशी होता. ते आडावर गेले.

मी वाळवी चोचीजवळ धरली. शरणप्पा हलेनात. चोचीला लावली, तरी नाही. भिंतीवरून मागच्या दारात डोकावणाऱ्या बायकोचा दबका आवाज आला, "अवो, अव्वा 'बा, बा' म्हणते." कानडीत 'बा' म्हणजे ये. मी म्हणालो, "बा. बा." माझा आवाज हजेरी घेतल्यासारखा. "तसं न्हाई, हळू. पोराला बोलावल्यासारखं." मी घसा साफ केला आणि मला जमेल तितक्या अव्वाच्या आवाजात म्हणालो, "बा... बा..."

शरणप्पांचा एक डोळा उघडला. मान वळली. पहिली वाळवी खाली पडली, दुसरी चोचीत राहिली. मग तिसरी. मग त्यांनी माझं बोटही धरलं.

आडावरून अप्पांच्या खोकण्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. खोकत खोकतच ते आत आले आणि करवंटीकडं न बघता पिंजऱ्याकडं बघितलं. शरणप्पा पायांवर बसले होते.

"लागू पडलं?"

"पडलं."

"उद्या बी लागंल?"

"रोजच लागंल, अप्पा."

ते खाली बसले आणि म्हणाले, "मास्तर, हे 'बा बा' तुला कुणी शिकवलं?"

आमच्या गल्लीत कानडी बोलणारं माणूस एकच होतं. मी करवंटीतली माती बघत बसलो. अप्पांना कळायचं ते कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग येईल असं मला वाटलं, मग हसू येईल असं वाटलं. दोन्हीतलं काही आलं नाही. ते जिकडं अव्वा बसायची त्या चुलीकडं बघत राहिले.

"तिला सांगू नको," ते म्हणाले.

"काय?"

"मला कळलं म्हणून. ह्या घरात समदं माझ्या नेमानं चाललं इतकी वर्सं. एवढं एक तरी तिचं तिला असू दे."

'तुला', 'सांगू नको' म्हणाले, मी पुन्हा अरे-तुरेत आलो. म्हणजे संकट टळलं होतं.

अव्वा नातू बघून परत आली तेव्हा शरणप्पा गल्लीला पुन्हा पहाटे उठवत होते. अप्पांनी तिच्यादेखत मला ऐकवलं, "बघ मास्तर, ती नसताना बी एक दाणा इकडचा तिकडं न्हाई. वळण लावणारा पायजे." अव्वा चुलीकडं तोंड करून बसली. त्यानंतर शरणप्पा इतके सुटले की दुकानापर्यंत चालताना त्यांना वाटेत दोनदा बसावं लागायचं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी अव्वा आमच्या ओसरीवर बायकोबरोबर ज्वारी पाखडत होती. मी आत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलो होतो.

"ह्यांना कळलंय," अव्वा म्हणाली.

"कशावरनं?" बायकोनं इतक्या भोळेपणानं विचारलं की मला तिचा अभिमान वाटला.

अव्वानं सूप पुढं सरकवल्याचा आवाज आला. "ह्यात एक तरी सोंडा हाय का बघ. आता शरणप्पा ज्या ढिगाकडं बघत न्हाईत तोच ढीग घेतेत. आणि दुपारचं दुकान नोकरावर टाकून घरी येतेत. झोपतेत. घोरतेत. मी गंजीकडं जाऊन येईपर्यंत घोरतेत, मी आत आले की जागे."

"मग तुम्ही बोलला न्हाई?"

"कशाला? इतक्या वर्सांत पहिल्यांदा माझ्यासाठी झोपतेत."

ती उठली. भिंतीपलीकडं तिची पावलं गेली आणि अप्पांच्या घोरण्याला एकदम जोर चढला.

त्या संध्याकाळी मला मुद्दाम भिंतीजवळ रेंगाळायचं कारण नव्हतं, पण मी रेंगाळलो. अव्वा देवळात गेली होती. अंधार पडायच्या बेताला अप्पा हातात करवंटी घेऊन गंजीशी आले, लिंगाची डबी उपरण्याआड, उपरण्याला गाठ मारलेली. खाली वाकले आणि जाड, आडतीवर बोली लावणाऱ्या आवाजात, जमेल तितकं हळू म्हणाले, "शरणप्पा, बा... बा..."

देवळातून परतणारी अव्वा मला बोळातून पुढच्या रस्त्यावर दिसली. दाराशी आली, आत कान दिला, आणि पुन्हा देवळाकडं वळली.