आपल्यापासून गुप्त ठेवलेली बाब

आमच्या गल्लीतल्या सलूनच्या मालकाला चिकटपट्टीचं एक लहानसं पाकीट हवं होतं. प्रकरण एवढंच होतं, आणि ते एवढंच राहिलं असतं तर त्याचं आणि गल्लीचं पुष्कळ बरं झालं असतं.

मालकाला सगळे हिरो म्हणतात, ते त्याच्या केसांमुळे. दाट, काळेभोर, कपाळावर एक बट सोडलेली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आरशातल्या हिरोकडे बोट दाखवून ‘अस्से करून दे’ म्हणतं आणि हिरो त्यातल्या त्यात जमेल ते करून देतो. हे केस विकतचे आहेत. आपण विग घालतो हे वहिनींखेरीज, म्हणजे बायकोखेरीज, कोणालाही माहीत नाही या एका आधारावर त्यानं दुकान उभं केलं होतं. विग सुटला की दुकान सुटलं, असं तो वहिनींना सांगत असे. हे मी ऐकलं, कारण माझं चष्म्याचं दुकान सलूनला लागून आहे आणि मध्ये फक्त प्लायवूड आहे.

विग डोक्याला बसवायच्या चिकटपट्ट्या आणायला हिरो सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या गावी जात असे. गल्लीत सांगताना मावशीला बघायला चाललोय असं सांगे. मध्यंतरी तिथलं दुकान बंद पडलं, आणि मावशी गेल्याचं जाहीर करावं लागलं. आम्ही चौघंजण भेटायलाही जाऊन आलो. वहिनींनी चहा केला.

आता पट्ट्या आणायच्या कुठून? वहिनींचं म्हणणं होतं की समोरच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात त्या टांगलेल्याच असतात. हिरोनं कपाळाला हात लावला, तोही जपून. ऑनलाइन मागवाव्यात तर विकणाऱ्याला नाव कळणार, आणि बँकेत कशाचे पैसे गेले ते दिसणार. बँकेतला कॅशियर हिरोकडे दाढीला येतो. अशा कात्रीत सापडलेल्या माणसांसाठीच ‘आडपडदा’ नावाची कंपनी निघालेली होती. छोट्या खरेदीचं बिल मधल्यामध्ये तीच भागवते. विकणाऱ्याला कळत नाही कोणी घेतलं, बँकेला कळत नाही काय घेतलं. आपल्या गुपिताच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. ते वाचून हिरोला भरून आलं.

त्यानं पाकीट मागवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या गोपनीयता अधिकारी मॅडमचा फोन आला. हिरोच्या हाताला साबण होता, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला. खुर्च्या रिकाम्या होत्या. प्लायवूडच्या अलीकडे मी एक काच घासत होतो.

“सर, आपल्याला नक्की कोणती गोष्ट गुप्त ठेवायची आहे?” मॅडमनी विचारलं.

“ती गुप्त आहे,” हिरो म्हणाला.

“बरोबर आहे सर. पण काय सांगायचं नाही हे कळल्याशिवाय आम्ही ते न सांगण्याची व्यवस्था कशी करणार?”

हिरोनं दाराकडे पाहून घेतलं. त्यानं आवाज खाली आणून ‘विग’ म्हटलं. मॅडमनी जरा मोठ्यानं सांगायची विनंती केली, कारण सेवेचा दर्जा राखण्यासाठी कॉल रेकॉर्ड होत होता. त्यानं मोठ्यानं सांगितलं. मग ही गोष्ट कोणापासून लपवायची, असा प्रश्न आला. गिऱ्हाइकांपासून, असं तो म्हणाला. ‘गिऱ्हाईक’ ही संज्ञा फार मोघम पडते, असं मॅडमनी समजावलं. कोणाला सांगायचं नाही त्यांची नावं आणि नंबर कंपनीकडे असले, तरच त्यांना चुकून कळणं टळतं. हिरोला हे पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. त्यानं फोनवर आलेलं ‘परवानगी द्या’ दाबलं आणि त्याच्या फोनमधली सगळी गल्ली आडपडद्याच्या सुरक्षित नोंदीत जमा झाली.

कंपनी कायदा पाळणारी होती. कोणाचा नंबर नोंदवून घेतला तर त्या माणसाला तसं कळवावं लागतं, शिवाय नंबर कुठून मिळाला हेही सांगावं लागतं. ग्राहकाचं नाव मात्र उघड करता येत नाही. तिन्ही गोष्टी सांभाळून संध्याकाळी आमच्या सगळ्यांच्या फोनवर मेसेज आला:

‘नमस्कार. आपल्या गल्लीतील एका ग्राहकाने (व्यवसाय: केशकर्तन) एक बाब आपल्यापासून गुप्त ठेवण्यासाठी आमची सेवा घेतली आहे. ती बाब कोणती हे आम्ही सांगू शकत नाही. आपल्या गोपनीयतेचा आम्ही आदर करतो.’

गल्लीत केशकर्तनाचं दुकान एकच आहे.

किराणा दुकानाचे शेठ मेसेज घेऊन माझ्याकडे आले, चष्मा पुसून मागितला आणि पुन्हा वाचला. त्यांना फार लागलं होतं. हिरोच्या खुर्चीत डोकं मागे टाकून त्यांनी आजवर काय काय सांगितलं नव्हतं? भावाशी झालेला वाद, थोरल्या मुलीचं लग्न कुठे अडलं ते, पोटाच्या तक्रारी. सगळी गल्ली त्या खुर्चीत मन मोकळं करत आली, आणि हा आपल्यापासून लपवतो. तेही पैसे भरून, कंपनी नेमून. “आपण काय परके आहोत?” शेठ म्हणाले. मी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तर्क सुरू झाले. दुकान विकायला काढलंय, हा पहिला आणि सौम्य तर्क होता. मग वस्तऱ्यामुळे कोणाला तरी काहीतरी झालं आणि ते दाबलं गेलं, असं निघालं. कॉलेजातून निवृत्त झालेले सर विचारी माणूस, त्यांनी शांतपणे मुद्दा मांडला की खुर्चीत बसून माणसं आपली मिळकत सांगतात, आणि ती ऐकून हा कोणाला तरी कळवत असणार. सर त्या दिवसापासून घरीच दाढी करू लागले. गालावर कापूस लावून फिरायचे, पण ठाम होते.

जे येत राहिले ते गप्प बसू लागले. दाढी करून घेताना नुसते आरशातून हिरोकडे बघायचे. एरवी वाट पाहणाऱ्यांसाठी बाहेर टाकलेलं बाकडं पुरत नसे, आता त्यावर वहिनी भाजी निवडत बसू लागल्या. हिरोच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला वाटलं, विग उघडा पडला. त्यानं मॅडमना फोन लावला. मॅडमनी तपासून सांगितलं की गुपित शंभर टक्के शाबूत आहे, विगबद्दल एक अक्षरही बाहेर गेलेलं नाही.

“मग लोक माझ्याकडे असे का बघतात?”

“सर, लोकांच्या बघण्याची जबाबदारी कंपनीकडे येत नाही. आपण म्हणाल तर आम्ही दिलाशाचा मेसेज पाठवू शकतो.”

दिलाशाचा मेसेज आला: ‘आपल्यापासून गुप्त ठेवलेल्या बाबीमुळे आपल्याला कोणताही तातडीचा धोका नाही. कृपया घाबरून जाऊ नये.’ तोवर कोणी घाबरलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी शेठनी मुलांची डोकी धुऊन काढली आणि गल्लीतल्या तीन घरांनी हिरोकडचे टॉवेल कुठे धुतले जातात याची चौकशी केली.

शेवटी वहिनींनी निकाल लावला. प्लायवूडमधून त्यांचा आवाज स्वच्छ आला. “अहो, दुकान वाचवायला तो विग होता ना? मग आता त्याच्यापायीच दुकान बुडायला लागलंय. काढून टाका आणि सांगून मोकळे व्हा.” पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग हिरो म्हणाला, “लोक हसतील गं मला.” त्या माणसाचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं आणि मी काच घासायची थांबवली.

रविवारी सकाळी त्यानं सगळ्यांना दुकानात बोलावलं. शेठ आले, कापूस लावून सर आले, कॅशियर आला, दारात पाचसहाजण उभे राहिले. हिरो आरशाकडे पाठ करून उभा राहिला. त्यानं दोन्ही हात वर नेले आणि विग काढून टेबलावर ठेवला. डोकं वाटीसारखं गुळगुळीत होतं. वहिनी दाराशी पदराचं टोक चुरगळत उभ्या होत्या.

कोणी हसलं नाही. कोणी दचकलंही नाही. शेठनी मिनिटभर वाट पाहिली आणि विचारलं, “बरं, मग?”

“मग काय? हेच ते.”

“अरे हे माहितेय आम्हाला. पहिल्यापासून. खरं काय ते सांग.”

गल्लीत तो शिरला की पंखे का मंदावतात, याचा हिरोनं कधी विचार केला नव्हता. तो काउंटरपाशी आला की शेठ पंख्याचं बटण एकवर आणत. मीही आणत असे. कॅशियर त्याच्यासाठी बँकेत पंख्यापासून लांबची खिडकी उघडायचा. कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं, बिल कोणी लावलं नव्हतं. “माहीत होतं तर बोलला का नाहीत?” हिरोनं विचारलं, आणि शेठ म्हणाले, “तुला वाईट वाटलं असतं.” हिरोचे डोळे भरून आले. माझेही आले, हे कबूल करायला हरकत नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सरांनी घसा साफ केला. जी गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे ती लपवायला कोणी कंपनी नेमेल का, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड होता. हिरोनं वहिनींची शपथ घेतली, स्वतःची घेतली. मावशीची घ्यायला गेला आणि मावशी मुळातच नव्हती हे त्यातून बाहेर पडलं. मग तर प्रश्नच मिटला. ज्यानं नसलेली मावशी मारली तो काय वाटेल ते लपवेल.

तेवढ्यात कंपनीचा माणूस पाकीट घेऊन आला. पाकिटावर गोपनीयतेपोटी ना नाव होतं ना पत्ता, नुसतं ‘केशकर्तन, मालकाचे केस दाट’ एवढं वर्णन होतं. त्यानं हिरोच्या डोक्याकडे पाहिलं आणि माल द्यायला साफ नकार दिला. हिरोनं घाईघाईनं विग चढवला. पट्टी नसल्यामुळे तो घसरून कानावर आला. माणूस म्हणाला की दोन मिनिटांत दोन चेहरे दाखवणाऱ्याला माल देता येत नाही, नियम आहे. तो पाकीट घेऊन परत गेला. लोक एकमेकांकडे बघत पांगले.

सोमवारी हिरोनं आडपडद्याला फोन करून सेवा बंद करायला सांगितलं. कंपनीनं ती तत्परतेनं बंद केली आणि नियमाप्रमाणे आम्हाला कळवलं: ‘आपल्यापासून गुप्त ठेवलेली बाब आता कायमस्वरूपी बंद करण्यात आली आहे. ती आपल्याला कधीही कळणार नाही, याची खात्री बाळगावी.’

हल्ली हिरो उघड्या डोक्यानं रिकाम्या खुर्चीत बसून असतो. आम्ही सगळे पलीकडच्या चौकात केस कापून घेतो. तिथला माणूस वाईट कापतो. तुम्ही म्हणाल, चष्मेवाले, तुम्ही तर सगळे फोन आपल्या कानांनी ऐकले होते, तुमचा तरी विश्वास बसायला हवा. ऐकले ना. पण प्लायवूडमधून सगळं ऐकू येतं हे हिरोलाही माहीत आहे. म्हणजे खरी गोष्ट तो तिथे बोलणारच नाही.

परवा मलाही एक किरकोळ वस्तू हवी होती, ती मी आडपडद्यातर्फेच मागवली. शेवटी कंपनीनं हिरोचं गुपित फोडलं नाही, हे मानावं लागतं. कोणापासून लपवायचं, असं मॅडमनी विचारलं. गल्लीतल्यांपासून काही लपत नाही, म्हणून मी म्हटलं, हे लिहिलेलं जे वाचतील त्यांच्यापासून. तेव्हा तुम्हाला मेसेज येईल. त्यात काळजीचं काही नाही. खाली ‘आपल्यापासून काय लपवलं आहे ते जाणून घ्या’ अशी एक निळी ओळ असेल, ती दाबू नका. ती दाबली की तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागतात, सांगत काहीच नाहीत.

आणि दाबणारच असाल, तर आधी माझा नंबर तेवढा काढून टाका.