शेषराव मास्तरांचं अर्धं कीर्तन

रामनवमीच्या सकाळी गाडीवान शालिग्राम बैलांची रिकामी दमणी हाकत मोताळ्यात शिरला, तेव्हा शेषराव मास्तर राममंदिराच्या खांबावर शाळेचं घड्याळ टांगत होते.

"बुवा कुठी हायेत बे?" मंदिराचे मुख्य पंच उकंडराव पायरीवरूनच ओरडले.

"भुसावळले."

"भुसावळले काऊन? नांदुऱ्याले उतरणार होते ना?"

"गाडीत डोळा लागला म्हणते. नांदुरा आलं न् गेलं, मलकापूर आलं न् गेलं. भुसावळले झाडूवाल्यानं उठवलं. ही तार आली टेशनावर. तिलेच बसवून आणलं मंग." शालिग्रामने गादीवरचा कागद उचलून दिला.

तार इंग्रजीत होती. मास्तरांनी स्टुलावरून उतरून ती वाचली. बुवा सुखरूप होते आणि संध्याकाळच्या गाडीने येणार होते.

"संध्याकाळी काय बारशाले येऊन राह्यले?" उकंडरावांनी तार चुरगाळली. "बाराले जन्म हाय देवाचा!"

अडचण खरीच मोठी होती. कीर्तन दहाला उभं राहायचं, घड्याळाचे बारा टोले पडताना जन्मावर यायचं, आणि त्याच क्षणी गुलाल उधळून पाळण्याची दोरी ओढायची. कीर्तनावाचून देव जन्मल्याचं मोताळ्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. बायका पाळण्याजवळ येऊन बसू लागल्या होत्या. सुंठवडा कुटून तयार होता. उकंडरावांनी चारी दिशांना पाहिलं आणि त्यांची नजर घड्याळाच्या किल्लीशी खटपट करणाऱ्या मास्तरांवर येऊन थांबली.

गावात देव न मानणारा माणूस एकच, आणि देवाच्या जन्माची वेळ ठरायची ती त्याच्या घड्याळावर. याचं गावाला कधी नवल वाटलं नव्हतं. पोस्टातलं घड्याळ भिंतीत ठोकलेलं होतं. शाळेचं उचलून आणता येई. मास्तर ते दर शनिवारी पोस्टाशी लावत आणि नवमीला स्वतः आणून टांगत. वेळ बरोबर असणं ही त्यांच्या मते श्रद्धेची बाब नव्हती.

"मास्तर," उकंडराव जवळ येऊन म्हणाले, "तुम्ही नारायणबुवाचे पोरगे ना?"

"हाव."

"मंग उभे राहा."

"उकंडराव, मी देव मानत नाही. तुम्हाले मालूम हाय."

"माना म्हणते कोण? कीर्तन करा म्हणतो."

नारायणबुवांचं कीर्तन एके काळी नांदुऱ्यापासून मेहकरपर्यंत गाजलेलं होतं. त्यांची एक खास रीत होती. कीर्तनाच्या पूर्वार्धात शंका उभी करायची आणि उत्तरार्धात तिचं उत्तर द्यायचं, हे सगळेच बुवा करतात. पण नारायणबुवा शंका स्वतः विचारत नसत. आठ वर्षांच्या शेषरावाला उभा करून त्याच्या तोंडून विचारवत. घरी तालीम चाले. "शंका लेचीपेची नको मांडू," ते बजावत. "अशी मांड की मलेच घाम फुटला पाह्यजे." शेषराव पाच वर्षं शंका मांडत राहिला. शंका संपली की त्याचं काम संपे. मग तो मृदंगवाल्याच्या मागे जाऊन गाढ झोपी जाई. परिणामी नारायणबुवांच्या साऱ्या शंका शेषरावांना तोंडपाठ होत्या, आणि उत्तर त्यांनी एकही जागेपणी ऐकलेलं नव्हतं.

पुढे ते अकोल्याला मास्तरकीचं शिकले आणि नास्तिक होऊन परतले. आपण पुस्तकं वाचून नास्तिक झालो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

पुस्तकं चाळीस होती. गावासाठी वाचनालय काढायचं या हट्टाने त्यांनी ती एकेक करून जमवली होती. पण वाचनालयाला जागा नव्हती, पुस्तकं घरातल्या पेटीत होती आणि पेटीला खालून वाळवी लागली होती. मागच्याच आठवड्यात एका जाड ग्रंथाची शेवटची साठ पानं वाळवीने वाचून संपवली होती. जागा म्हणावी तर एकच होती. देवळाच्या ओट्याला लागून असलेली खोली. ती देवाची म्हणून कुलूपबंद असे आणि आत उकंडरावांची सरकी भरलेली असे.

"करतो," मास्तर म्हणाले. "पण वाचनालयाले ती खोली द्या."

"देवळाची खोली? नास्तिकाले?"

"कीर्तन चाल्ते न् खोली चालत नाही?"

उकंडरावांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. "गाव खूश झालं तं पाहू," ते म्हणाले.

"आणखी एक. जे मले पटत नाही ते मी तोंडातून काढणार नाही. मले वाटते तेच बोलीन."

"बोला ना बापा! पण बाराले जन्म झाला पाह्यजे."

मास्तरांच्या पत्नी सुभद्राबाईंनी घरी जाऊन पेटीतून सासऱ्यांचं उपरणं आणि चिपळ्या काढून आणल्या. उपरण्याचा एक कोपरा वाळवीने खाल्ला होता. "इतक्या वर्षांनी उभे राह्यता," त्या हळूच म्हणाल्या, "उत्तर येते ना?"

"कशाचं?"

"जे इचारसान त्याचं."

मास्तरांनी उपरणं खांद्यावर टाकलं. त्यांना मुळी उत्तर द्यायचंच नव्हतं. ते प्रश्न विचारून गप्प बसणार होते. गावाला एकदा तरी विचार करायला लावायचं, आणि तेही देवळात उभं राहून, अशी संधी पुन्हा कधी येणार?

हातात चिपळ्या आल्या मात्र, आणि मास्तरांची पाठ आपोआप ताठ झाली. पाय ताल धरू लागला. आवाज असा लागला की म्हाताऱ्यांनी एकमेकांना कोपरं मारली. "नारायणबुवाच हो!"

मास्तरांनी पहिला प्रश्न टाकला. देव जर सगळीकडेच आहे, तर तो आज बारा वाजता येणार कुठून? आणि आता सव्वादहा वाजता तो कुठे आहे?

"वा!" उकंडरावांनी मांडीवर थाप मारली. "शंका पाहा कशी काढली!"

मास्तर जरा गोंधळले. त्यांनी आणखी जोर लावला. देव साऱ्यांच्या ठायी सारखाच असेल, तर या गावात पाणवठे दोन काऊन? पुढच्या ओळीने मागच्या ओळीकडे पाहिलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "लय कडक हाय. याचं उत्तर ऐकासारखं राह्यीन." लोक सरसावून बसले. आपण देवळावर हल्ला चढवतो आहोत आणि देऊळ माना डोलावून दाद देतं आहे, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. शंका जितकी धारदार, तितका पुढे तोडगा नामी, असा मोताळेकरांचा अनुभव होता. नारायणबुवांनीच त्यांना ती सवय लावली होती.

आता शेवटचं अस्त्र काढणं भाग होतं. मास्तरांचा आवाज उतरला. "दोन सालाखाली गावात पटकी आली. घरोघरी नवस झाले. ज्याची लेकरं वाचली त्यानंही नवस केला होता न् ज्याची गेली त्यानंही. नारळ सारखाच, हात जोडले तेही सारखेच. मंग देवानं कोणाचं ऐकलं? न् ज्याचं नाही ऐकलं, त्याचं काय चुकलं होतं?"

या वेळी कोणी वाहवा केली नाही. पाळण्याजवळ बसलेल्या मनकर्णाबाईंनी पदर डोळ्याला लावला. पटकीत त्यांचा नातू गेला होता. पदर खाली घेऊन त्या सरळ मास्तरांकडे पाहत म्हणाल्या, "बापा, माह्या मनातलं बोलला. दोन साल झाले, मी कोणाले इचारू शकली नाही. आता सांग."

मध्यंतर झालं. मास्तरांना बुक्का लावला, गळ्यात हार पडला. घड्याळात साडेअकरा झाले. आता उत्तरार्ध. मास्तर पुन्हा उभे राहिले. समोर तीनशे माणसं उत्तरासाठी मान वर करून बसलेली. उपरण्याखाली त्यांना घाम फुटला. शंका कशी मांडावी हे वडिलांनी सांगितलं होतं, ते आज पहिल्यांदा तंतोतंत साधलं होतं; फक्त घाम भलत्याला फुटला होता.

खोटं बोलायचं नव्हतं. मनकर्णाबाईंच्या समोर तर नाहीच. त्यांनी शंका नंबर एक पुन्हा सांगितली. मग तीन पुन्हा सांगितली. मग एक भजन लांबवलं. मृदंगवाला त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहू लागला. उकंडरावांची मान डोलायची थांबली, आणि ओट्यालगतची खोली मास्तरांपासून हळूहळू दूर जाऊ लागली. अखेर ते थांबले.

"मनकर्णाबाई," ते म्हणाले, "उत्तर..."

घड्याळाने टोला दिला. मग दुसरा. "जन्म! जन्म!" उकंडराव उठले. गुलाल उडाला, शंख वाजला, आणि बारावा टोला पडण्याच्या आत मास्तरांच्या तोंडून, त्यांना न विचारता, पाळणा सुरू झाला. आठव्या वर्षी घरच्या तालमीत पाठ झालेला. एकही कडवं चुकलं नाही. सुभद्राबाई घड्याळाच्या खांबाशी उभ्या राहून दोरी ओढत होत्या.

सुंठवडा वाटून झाला. लोक पाया पडून जात होते. मनकर्णाबाई मात्र हलल्या नाहीत.

"उत्तर राह्यलं, मास्तर."

"हो ना," उकंडराव म्हणाले. "वेळ कमी पडला त्याइले. पुढच्या नवमीले सांगतीन."

"उकंडराव, वेळ कमी नाही पडला," मास्तर म्हणाले. गुलालाने त्यांचे कान लाल झाले होते. "मले उत्तर माहीत नाही. खरं सांगू? उत्तर असंन असं मले वाटतही नाही."

उकंडरावांनी तोंड उघडलं, पण मनकर्णाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. "हे तुमी शोधून सांगता का न शोधता?"

"चाळीस पुस्तकं वाचली, आजी."

"साऱ्या जगात चाळीसच हायेत?"

"नाही," मास्तरांनी कबूल केलं.

"मंग बाकीची आणा. वाचा. मले वाचता येत नाही, मी बाजूले बसून ऐकीन. सापडलं तं चांगलं. नाही सापडलं तं तेही मले समजू द्या. पण आता इचारलं हाय तं सोडू नका."

"बाकीची आणून ठेवू कुठी?" मास्तर म्हणाले. "हायेत तीच वाळवी खाऊन राह्यली."

सभामंडपातल्या साऱ्या माना ओट्याकडे वळल्या. मग उकंडरावांकडे.

"त्या खोलीत सामान हाय देवाचं," उकंडराव म्हणाले.

"देवाले सरकी काय कामाची?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याले काय म्हैस हाय?"

संध्याकाळी भुसावळहून बुवा आले तेव्हा ते दमणीतून उतरण्याआधीच शालिग्रामने तीत सरकीची पोती भरायला सुरुवात केली होती. अंधार पडायच्या आत पेटी खोलीत गेली. तिच्यावर मास्तरांनी चिपळ्या ठेवल्या; घरी नेऊन पुन्हा कुठे ठेवायच्या, हा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी घड्याळ शाळेत न्यायच्या आधी मास्तरांनी सवयीने ते पोस्टाशी ताडून पाहिलं. बारा मिनिटं पुढे! शनिवारी लावलेलं घड्याळ एवढं पुढे जाणं शक्य नव्हतं. त्यांनी काटा तपासला. काट्याच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट उमटलं होतं.

ते तसेच घरी आले. सुभद्राबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या.

"काल देव बारा मिनिटं अगोदर जन्मला," मास्तर म्हणाले.

सुभद्राबाईंनी भाकरी तव्यावर टाकली.

"मंग काय," त्या म्हणाल्या, "तुमाले उत्तर सापडेलोक त्याले पोटातच ठेवाचं होतं?"