पुसला? मंग पुन्हा मिळवा!

निमोण्यात रंगनाथमामांच्या ओट्यावर गेलात की चहाआधी हात मिळवावा लागतो. नमस्कार चालत नाही. मामांच्या हातांवर, कोपरांवर सोरायसिसचे लाल चट्टे आहेत, वर पांढरी खपली. पाहुणा कशीबशी बोटं पुढे करतो आणि मग हळूच हात पँटला पुसतो. मामा त्याचीच वाट बघत असतात. "पुसला? मंग पुन्हा मिळवा!" आणि चहा येईपर्यंत हात सोडत नाहीत.

मी त्यांचा शेजारी. रोज मिळवून मिळवून माझा हात झिजला, पण चट्टा काही उगवला नाही. हे मी गावाला सांगून पाहिलं. पण खरं सांगून गावाला कधी पटलंय?

शिवाय आमच्याकडे घरटी एक त्वचारोगतज्ज्ञ आहे. स्वतःच्या कांद्यावर काय फवारायचं हे ज्याला दुकानदाराला विचारावं लागतं, तोही मामांना औषध सांगतो. एकाने कडुनिंबाचा रस पाजला, दुसऱ्याने वांगं सोडायला लावलं. तिसरा म्हणाला, मागच्या जन्मी नाग मारला असेल. मामा म्हणाले, "मागल्या जल्माचं ठावं न्हाई. ह्या जल्मी मातर एकदोघांना मारावं वाटतंय."

शिरूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं: हात लावल्याने लागत नाही, मुळासकट जात नाही, पण मलम-गोळ्यांनी ताब्यात राहतो. आणि ताण घेऊ नका. "ताण घेऊ नका, व्हय! मंग भावकी कुठं न्हिऊन ठिवू?" मामा अजून विचारतात.

दौंडहून पुण्याच्या गाडीत बसले की मामा बाह्या वर सारतात. बाक आपोआप रिकामा होतो. "बघा, रेल्वेनं आख्खा बाक दिलाय आपल्याला," म्हणत ऐसपैस बसतात. उतरताना मात्र खिशातला छोटा ब्रश काढून बाकावर पडलेला कोंडा गुपचूप कागदात गोळा करतात.

लग्न झालं नाही. मुलीकडची माणसं घर बघायला यायची आणि मामांचे हात बघून जायची. जवळची म्हणाल तर एक बहीण, दौंडच्या रेल्वे कॉलनीतली, आणि तिची मुलगी सोनल. मामांचा सगळा जीव त्या पोरीत.

गेल्या उन्हाळ्यात सोनलचं लग्न दौंडला निघालं. मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचा मान मामाचा. भटजी माइकवरून ओरडून थकले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" मामाचा पत्ता नाही. मी शोधत बाहेर आलो, तर साहेब पार्किंगमध्ये. रणरणत्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, गळ्यातल्या दोरीची शिट्टी तोंडात. गाड्या लावत होते. त्या केव्हाच लागलेल्या होत्या!

"मामा, मुहूर्त चाललाय!"

"चुलतमामाला धाडा," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "सासरची समदी बघत्याल. म्हणत्याल, आईच्या म्हायेरात हाय, उद्या पोरीलाबी व्हईल. तिला जलमभर ऐकाया लागंल."

अख्ख्या तालुक्याचे हात दाबणारा माणूस, आणि आवाज एवढासा.

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत सोनलच बाहेर आली. मागं करवल्यांची धावपळ. "मामा, त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलंय. सासूबाईंनापण माहितीय. चला," म्हणत तिनं त्यांचा हात धरला.

मामांनी तो झटकन सोडवून घेतला आणि आपल्याच पँटला खसाखसा पुसला.

सोनल बघतच राहिली. "पुसला?" तिचा आवाज चिरकला. "मंग पुन्हा मिळवा!"

मामांनी हात दिला आणि दोघं मांडवात शिरली. शिट्टी गळ्यातच राहिली. मला भर मांडवात रडू आलं, काय करणार! बोहल्यापाशी पोचल्यावर भटजी म्हणाले, आता मामांचा हात सोडा. सोनलनं काही तो लवकर सोडला नाही.