अकरा भरले का?

सबनीसांनी पहिल्याच भेटीत माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हरलो हो परवा. सहा गोल खाल्ले." चेहरा असा, की घरात कोणी आजारी असावं. कोणाची मॅच, असं विचारल्यावर कळलं की ती पुण्यात झाली होती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, प्लेगच्या साथीत.

सबनीस आमच्या एसीच्या कंपनीत ड्राफ्ट्समन. बहारीनमधल्या हूऱ्यात, वर्कशॉपच्या वरच त्यांची खोली. बायको फार पूर्वी वारलेली, एकुलता मुलगा निनाद पुण्यात कॉलेजात. त्यांचे आजोबा विद्यार्थी असताना कॉलेजच्या फुटबॉल टीमचे सेक्रेटरी होते आणि त्यांनी एका मोसमाचे सगळे सामने वहीत लिहून ठेवले होते. वहीत तारखा नव्हत्या, तिथ्या होत्या. म्हणून सबनीसही सामने तिथीनेच पाळायचे, लोक एकादशी पाळतात तसे. आदल्या दिवशी निरोप यायचा, "उद्या श्रावण शुद्ध नवमी. गोऱ्या पलटणीशी गाठ आहे. दुपारच्या सुटीत या."

जायचं, पोहे खायचे आणि सामना ऐकायचा. अट एकच, खोलीत अकरा जण हवेत. आजोबांचे अकरा गडी पहिल्या सामन्यालाच काय ते जमले. पुढे साथीने टीम पोखरली. "दोन गडी इस्पितळात, एक स्मशानात, एकास सासऱ्याने कोंडून ठेविले," असं आजोबा लिहून गेलेत. त्याची भरपाई सबनीस बहारीनमध्ये करत. दारात उभे राहून विचारायचे, "अकरा भरले का?" नसले तर जिन्यावरून खाली हाक, "यल्ला भाई, दस मिनट! एक आदमी कम है!" मग खालचा किराणावाला कोया यायचा, बांगलादेशी न्हावी कात्रीसकट यायचा. कोयाला मराठी ओ की ठो कळत नसे. पोहे संपले की तो विचारायचा, "साब, स्कोर क्या हुआ?"

"हारे," सबनीस म्हणायचे. सहाच्या सहा सामने हरलेले.

मग कोरोना आला. आम्ही सगळे आपापल्या खोल्यांत कोंडलेले, कोणाचं काय झालं कोणाला पत्ता नव्हता. तो ओसरला त्या वर्षी सबनीसांनी सातवा सामना जाहीर केला. "शेवटची पानं चिकटली होती. आता सुटली." तिथी वैशाख वद्य अष्टमी. त्या दिवशी पोहे नसत. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. सामना अगदी छोटा, सगळे गडी गेलेले आणि बिननावाचा गोलकीपर एकटा उभा. आमचं लक्ष पानातच असायचं. "सबनीस, सातवा सामना सगळ्यात चविष्ट हं," असं मी एकदा म्हणालोही. निनाद अजून कॉलेजातच आहे म्हणाले तेव्हा मी म्हटलं, "प्रिन्सिपॉल होऊनच बाहेर पडणार वाटतं!" सबनीस हसले होते. ते हसणं आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

यंदा ते रिटायर झाले. व्हिसा महिनाअखेरपर्यंत. "तिकडे अकरा कुठून आणू रे? बिल्डिंगमध्ये मला ओळखणारे तिघं," म्हणाले. "हा सामना नीट झाला पाहिजे." त्यातच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अष्टमीला दहाच जमले, तेव्हा मीच धावत जाऊन वॉचमनला घेऊन आलो. अकरा भरले. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सबनीसांनी वही माझ्या हातात दिली. "यंदा तू वाच."

पहिली सहा पानं जुन्या शाईची, पिवळी पडलेली. सातवं बॉलपेनने लिहिलेलं, सबनीसांच्या ड्रॉइंगवर असतं तसल्याच उभ्या अक्षरात.

"सातवा सामना. वैशाख वद्य अष्टमी. गोलकीपर निनाद सबनीस. वॉर्डात एकटा. विमानं बंद. शेवटी न्यायला चार माणसं होती, नावं माहीत नाहीत. आपल्यापैकी कोणी नाही."

माझ्या वाटीत खीर होती. आमच्या घरी आजोबांच्या तिथीला हाच स्वयंपाक असतो. इतकी वर्षं मी पोराच्या श्राद्धाला जेवत होतो आणि वडे मागून घेत होतो. वैशाखाच्या रणरणत्या उन्हात कुठलं कॉलेज फुटबॉल खेळतं, एवढंही कधी डोक्यात आलं नाही.

"थांबलास का?" सबनीस म्हणाले. "मोठ्यानं वाच. अकरा आहेत ना?"

मी वाचलं. मराठी कळणारे आम्ही चौघे खाली मान घालून बसलो. कोयाने खीर संपवली, बोटं चाटली आणि नेहमीसारखं विचारलं, "साब, स्कोर क्या हुआ?"

सबनीस म्हणाले, "मालूम नहीं, भाई. मैं पहुँचा ही नहीं."

आणि चाचपडत त्यांनी खिरीची पळी उचलली. मी वाटी पुढे केली.