अण्णाकाकांची टिचकी

आमचे अण्णाकाका कोणाच्याही घरी गेले की आधी दिसेल त्या भांड्याला टिचकी मारतात. यजमानांनी 'बसा' म्हणायच्या आत. मग मान वाकडी करून निकाल: "बोलतं." नाहीतर, "मुकं आहे. मशीनचं." माझ्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी मुलाकडच्या समईला मुकी ठरवलं. ते स्थळ पुढे सरकलंच नाही.

अण्णाकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. बडोद्यात मांडवीजवळ तांबटकाम करण्यात जन्म गेला. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं, तेव्हापासून घरी बसून कुकरलासुद्धा टिचक्या मारतात आणि टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारच्यांना वेगळा लावावा लागत नाही.

बडोद्याबाहेर एक संग्रहालय आहे. जुनं गाव उभं करून तिथे खरे कुंभार, विणकर कामाला बसवलेत. त्यांना तांबट हवाय असं कळताच मी अर्ज भरला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे घरातले सगळे फॉर्म माझेच. अट एकच होती: पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. काका पाहुण्यांनाही 'मुकं' ठरवतील, हीच मला धास्ती.

गेलो. दारातच मोठं पितळी घंगाळ. टिचकी! "मुकं." आतली व्यवस्था बघणाऱ्या दीपाबेन समोरच उभ्या. मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं.

त्यांनी काकांना तांब्याचा हंडा आणि हातोडी दिली. काका बसले, ठोके सुरू.

"काका, केटला वरस थया आ कामने?" दीपाबेननी विचारलं.

काका ठोकतायत.

"चाळीस वर्षं!" मीच सांगितलं. पुढच्या दोन प्रश्नांनाही मीच.

"बेन, काकाने बोलवा दो ने," दीपाबेन हसल्या. बोलू द्यायला माझी कुठे ना होती? काका बोलेनात.

"अण्णाकाका, विचारतायत त्या!" मी दबक्या आवाजात दटावलं. ठोके चालूच. भाव खातोय म्हातारा, असं वाटून मला रागच आला.

तेवढ्यात शाळेची सहल आली. एक चिमुरडी पुढे होऊन म्हणाली, "दादाजी, ये ठोकते क्यों हो?" तिने पुन्हा विचारलं. काकांनी वर पाहिलं, तिचे हलणारे ओठ पाहिले, आणि त्यांचा चेहरा पडला. भर वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखा. असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

मग त्यांनी तिचा तळवा हंड्यावर ठेवला आणि पलीकडून हळूच ठोका दिला.

"बघ, बोलतंय?"

"हां! गुदगुदी होती है!"

पोरांची रांग लागली. मी मात्र तिथेच उभी. इतकी वर्षं टीव्हीवरून भांडलो, पण काकांना ऐकू येत नाही, हे एवढी शिकलेली असून मला कळलं नव्हतं.

दीपाबेनना कळलं होतं. "ओछुं संभळाय छे ने? वांधो नही. रविवारथी मोकलजो." कमी ऐकू येत असलं तरी त्यांना चालणार होतं.

काकांना यातलं काहीच कळलं नाही. निघताना दारातल्या घंगाळाला त्यांनी टिचकी मारली आणि घंगाळाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. काम मिळालं का, हे विचारायचं त्यांना धैर्य होत नव्हतं.

मी समोर उभी राहिले. ओठ नीट हलवत म्हटलं, "बोललं, काका. रविवारपासून बोलावलंय तुम्हाला."

काकांनी घंगाळावर बोटं टेकवली.

"मुकंच आहे गं ते. बोटांना कळतं," ते म्हणाले. "रविवारी घरचं बोलतं घंगाळ घेऊन येऊ."